अंदाजपत्रकाच्या बैठकीत जागा : कलाप्रशासनात नव्याने येणाऱ्यांचे प्रश्न

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे अशा वाचकांची आहेत, ज्यांच्या घरात किंवा समाजात याआधी कोणीही नाट्यगृह, संग्रहालय, नृत्यसंस्था किंवा कलेला अर्थसाहाय्य देणारी संस्था चालवण्याच्या कामात नव्हते. कोणाच्या आड जात किंवा वर्ण येतो, कोणाच्या आड भाषा, कोणाच्या आड आपल्याला गृहीतच न धरता बांधलेली इमारत, तर कोणाच्या आड निव्वळ पैसा. त्यांतील पाच आणि एका संस्थेच्या व्यवस्थापकाचे एक अशी सहा पत्रे निवडली असून प्रत्येकाचा आशय थोडक्यात देऊन उत्तर लिहिले आहे. मी स्वतः याच वाटेने आले आहे. त्यामुळे काही ठिकाणी माझे मत ठळकपणे दिसेल, आणि ते तसे दिसावे अशीच माझी इच्छा आहे.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. घरात कलेशी कोणाचाही संबंध नाही आणि मला स्वतःला गाता-नाचता येत नाही. मात्र महाविद्यालयाच्या सांस्कृतिक मंडळाचे नियोजन आणि हिशेब तीन वर्षे मी सांभाळले आणि त्यात मन रमले. कलाप्रशासन हा माझ्यासारखीचा व्यवसाय होऊ शकतो का? त्यासाठी पदव्युत्तर पदवी घ्यावीच लागेल का?

होऊ शकतो, आणि जी बाजू तुम्हाला उणी वाटते आहे तीच या व्यवसायात सर्वांत जास्त उपयोगी पडते. प्रेक्षकाला पडदा उघडल्यापासून पडेपर्यंतचे दोन तास दिसतात. प्रशासनाचे काम त्याच्या कितीतरी महिने आधी सुरू झालेले असते आणि प्रयोगानंतरही, अनुदान देणाऱ्याकडे खर्चाचा अहवाल पोचून तो मान्य होईपर्यंत, चालूच राहते. कलावंतांशी करार, तारखांची जुळणी, दौऱ्याची आखणी, तिकीटविक्री, प्रसिद्धी, विमा, परवानग्या, देणगीदारांशी पत्रव्यवहार आणि विश्वस्त मंडळापुढे ठेवायची टिपणे ही सगळी कामे त्यात येतात, आणि या प्रत्येक कामाच्या मुळाशी हिशेब असतो.

हिशेबाला इतके महत्त्व का, याचे उत्तर विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिळते. चार वादकांसाठी रचलेली एखादी कलाकृती वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ लागत होता, तितकाच आजही लागतो. कारखान्यात मात्र तेवढ्याच वेळात तेवढीच माणसे कितीतरी पट अधिक माल काढू लागली आहेत. इतर क्षेत्रांतील वेतन वाढत गेले की कलावंतांचे मानधनही त्याच्या जोडीने वाढवावे लागते, पण प्रयोगांची संख्या किंवा सभागृहातील खुर्च्या काही त्या प्रमाणात वाढत नाहीत. परिणामी खर्च आणि तिकिटाचे उत्पन्न यांतील दरी, व्यवस्थापन कितीही काटकसरीचे असले तरी, रुंदावत जाते. ही दरी अनुदान, देणग्या, प्रायोजक आणि इतर उत्पन्न यांतून भरून काढणारी माणसे ज्या संस्थेकडे नाहीत, ती संस्था उत्तम कलाकृती देऊनही बंद पडू शकते. वाणिज्य शिकलेल्या आणि कार्यक्रम उभे करण्याची ओढ असलेल्या व्यक्तीची गरज इथे किती आहे, हे मी वेगळे सांगायला नको.

पदवीबद्दल माझे मत असे आहे की आधी किमान एक वर्ष एखाद्या संस्थेत, कितीही लहान असो, पगारी काम करावे आणि मग अभ्यासक्रमाचा विचार करावा. कलाव्यवस्थापनाचे चांगले अभ्यासक्रम अनेक विद्यापीठांत आहेत आणि त्यांचा खरा लाभ पुस्तकांपेक्षा तिथे होणाऱ्या ओळखींचा असतो. ज्यांना घरातून अशा ओळखी मिळत नाहीत त्यांच्यासाठी हा लाभ मोठा आहे, हे मी नाकारत नाही. तरीही शुल्क भरण्यापूर्वी त्या विभागाला दोन प्रश्न विचारा : अभ्यासक्रमात प्रत्यक्ष संस्थेत काम करण्याचे किती आठवडे आहेत, आणि तुमच्यासारख्या पार्श्वभूमीचे माजी विद्यार्थी आज कोणत्या संस्थेत, कोणत्या पदावर आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोघम आले तर घाई करू नका.

एक गोष्ट मात्र आजच करता येईल. निवड समितीवर बसून मी शेकडो अर्ज वाचले आहेत आणि त्यांतील बहुतेकांची सुरुवात ‘मला लहानपणापासून कलेची आवड आहे’ अशी होते. ती खोटी नसते, पण तिच्यावरून उमेदवार काय करू शकेल ते कळत नाही. तुमच्या अनुभवाचे वाक्य असे लिहिता येईल : ‘सलग तीन वर्षे वार्षिक महोत्सवाचे अंदाजपत्रक तयार केले, दुसऱ्या वर्षी ध्वनियंत्रणेचे भाडे ऐनवेळी वाढले तेव्हा छपाईचा खर्च निम्म्यावर आणून आणि एका जुन्या प्रायोजकाकडून उरलेली रक्कम मिळवून महोत्सव मंजूर खर्चात पूर्ण केला, दरवर्षीचा हिशेब पावत्यांसह महिन्याच्या आत सादर केला.’ तपशील अर्थातच तुमचे असतील. असे वाक्य वाचणारी व्यक्ती तुमचे आडनाव आणि तुमचे महाविद्यालय बाजूला ठेवून तुमच्या कामाचा विचार करू लागते.

प्रश्न : एका नामांकित कलादालनाने मला सहा महिन्यांच्या विनावेतन इंटर्नशिपसाठी निवडले आहे. ‘इथले नाव तुझ्या अर्जावर लागेल, तेच वेतन समज,’ असे तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले. घरी माझ्या कमाईची गरज आहे. संधी सोडावी का?

सहा महिने पूर्णवेळ आणि विनावेतन, या अटीवर मी तुम्हाला होकार द्यायला सांगणार नाही. ज्याला घरून खर्च मिळतो तोच असे सहा महिने काढू शकतो, आणि पुढच्या नेमणुकीत अनुभव म्हणून हेच सहा महिने मोजले जातात. या क्षेत्रात एकाच आर्थिक थरातील माणसे पिढ्यान् पिढ्या का दिसतात, याचे मोठे कारण या एका प्रथेत आहे.

ही केवळ माझी तक्रार नाही. उत्तर अमेरिकेतील कलासंग्रहालयांच्या संचालकांच्या संघटनेने २०१९ साली ठराव करून संग्रहालयांना इंटर्नशिप सवेतन करण्याचे आवाहन केले. कलासंस्थांना सरकारी अनुदान देणाऱ्या इंग्लंडच्या आर्ट्स कौन्सिलने २०११ सालीच कलासंस्थांसाठी मार्गदर्शिका काढून, ठरलेल्या वेळी येऊन ठरलेले काम करणाऱ्या इंटर्नला किमान वेतनाचा हक्क असू शकतो, याची आठवण करून दिली होती. लॉस एंजेलिसमधील गेटी ही संस्था तर १९९३ सालापासून, ज्या समाजगटांतून या क्षेत्रात फार थोडे लोक येतात अशा पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी, त्या परिसरातील अनेक संग्रहालये आणि कलासंस्थांमध्ये उन्हाळी सवेतन इंटर्नशिप चालवत आली आहे. ब्रिटनमध्ये २०१० साली सुरू झालेल्या जेरवुड क्रिएटिव्ह बर्सरीज या योजनेने कमी उत्पन्न गटांतील पदवीधरांना कलासंस्थांत पगारी नेमणुका मिळवून दिल्या. कलासंस्थांना वेतन देणे परवडतच नाही, असे कोणी म्हणाले तर ही उदाहरणे तुमच्या हाताशी असू द्या.

नकार देण्यापूर्वी एक पत्र अवश्य लिहा. निवडीबद्दल आभार माना, काम करण्याची इच्छा स्पष्ट सांगा आणि तीन पर्याय पुढे ठेवा : वेतनासह सहा महिने, वेतनासह दोन महिने, किंवा आठवड्यातून एक दिवस आणि प्रवासखर्च. अनेकदा संस्थेने वेतनाचा विचारच केलेला नसतो, कारण आजवर कोणी मागितलेले नसते. उत्तर नकारार्थी आले तर तिकीटखिडकी, प्रेक्षकांची व्यवस्था, सामान हाताळणी, छपाईचा समन्वय अशा कोणत्याही पगारी कामातून आत या. ही कामे खालची मानली जातात, पण प्रेक्षक कुठून येतो, कोणत्या वारी येत नाही आणि कोणत्या दाराशी बुजतो, हे तिकीटखिडकीवर वर्षभर बसलेल्या माणसाइतके संचालकालाही ठाऊक नसते. अशा नोंदी वहीत ठेवा. वर्षभराने त्या प्रसिद्धी किंवा प्रेक्षकविकास विभागाच्या मुलाखतीत तुमच्या कामी येतील.

प्रश्न : एका मोठ्या संस्थेत मी चार वर्षे ‘समाजसंपर्क समन्वयक’ आहे. माझ्या समाजातील मी इथली पहिली कर्मचारी. वंचित वस्त्यांमधील कार्यक्रम, समावेशनाच्या समित्या, पाहुण्यांचे स्वागत या सगळ्यांत मला पुढे केले जाते, पण पदोन्नती मात्र नेहमी दुसऱ्यांना मिळते. ‘तुझ्या कामाला पर्याय नाही’ असे सांगतात. माझे काय चुकते आहे?

तुमचे पत्र वाचताना मला माझी पहिली नोकरी आठवली, म्हणून या उत्तराला थोडी अधिक जागा देते.

मी त्या संस्थेत लागले तेव्हा दर वार्षिक अहवालात माझे छायाचित्र असे. अनुदान देणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी आले की त्यांना वास्तू दाखवायचे काम माझ्याकडे असे. अंदाजपत्रकाची बैठक मात्र बंद दाराआड होई आणि माझा तिच्याशी संबंध कागदांच्या प्रती काढून आत नेऊन ठेवण्यापुरता होता. एकदा प्रती काढता काढता मी ते कागद वाचले. एका पानावर माझ्या विभागाची एकच ओळ होती. तिच्यापुढे एका अनुदानाचे नाव होते आणि संपूर्ण रक्कम त्या अनुदानाच्या रकान्यात मांडलेली होती. शेजारी संस्थेच्या स्वतःच्या निधीचा रकाना होता. तिकीटविक्री, प्रसिद्धी, रंगमंच, लेखा अशा सर्व विभागांपुढे त्या रकान्यात आकडे होते. माझ्या ओळीत तिथे शून्य होते. याचा अर्थ इतकाच की ते अनुदान ज्या दिवशी संपेल त्या दिवशी माझा विभागही संपेल, आणि ज्या कामाला भाषणांमधून संस्थेचा आत्मा म्हटले जात होते त्यावर संस्थेने स्वतःची एक दमडीही लावलेली नव्हती. त्या संध्याकाळी मला फार अपमानित वाटले. नंतर मात्र त्याच कागदाने मला या व्यवसायाचे शिक्षण दिले.

तेव्हा तुमचे काय चुकते आहे, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की तुमच्या कामाच्या दर्जात काही चुकत नसावे. तुम्हाला पैशापासून आणि निर्णयापासून दूर असलेल्या जागी ठेवले गेले आहे. संस्थेतील वरची पदे ज्यांच्यावर रक्कम सोपवता येते अशा माणसांना मिळतात. अमेरिकेत मेलन फाउंडेशन या कलेला अर्थसाहाय्य देणाऱ्या संस्थेच्या पुढाकाराने २०१५ साली कलासंग्रहालयांतील कर्मचाऱ्यांची पाहणी झाली, तेव्हा संग्रहपाल, संवर्धक, शिक्षण विभाग आणि नेतृत्व या पदांवर ८४ टक्के व्यक्ती हिस्पॅनिकेतर (म्हणजे स्पॅनिश भाषक वंशाच्या नसलेल्या) श्वेतवर्णीय आणि केवळ ४ टक्के कृष्णवर्णीय असल्याचे आढळले. सुरक्षा आणि देखभाल विभागांत मात्र चित्र पुष्कळ वेगळे होते. इमारतीत माणसे होती, पण निर्णयाच्या खोलीत नव्हती. तुमचा अनुभव याच चित्राचा भाग आहे आणि त्याचा दोष स्वतःकडे घेऊन झुरण्याचे कारण नाही.

आता करायचे काय? प्रथम आपल्या विभागाचे अंदाजपत्रक लेखी मागून घ्या आणि त्यात कोणती रक्कम विशिष्ट कामासाठीच बांधलेली आहे व कोणती संस्थेला हवी तशी वापरता येते, हे लेखा विभागातील एखाद्या सहकाऱ्याकडून समजून घ्या. त्याच्या जोडीने रोखप्रवाहाचा तक्ता वाचायला शिका, कारण मंजूर झालेले अनुदान हप्त्याने आणि बहुधा उशिरा येते, तर कलावंतांचे मानधन प्रयोगाच्या दिवशी द्यायचे असते, आणि ही मधली तंगी कोण कशी निभावते यावर व्यवस्थापकाची पारख होते. ताळेबंद त्यानंतर शिकला तरी चालेल. पुढच्या अनुदानाचा अर्ज लिहिला जाईल तेव्हा ‘माहिती पुरवणारी’ म्हणून मागे न राहता, अर्जाचा एक पूर्ण भाग, शक्यतो अंदाजपत्रकाचाच, स्वतः लिहायला मागा. आणि ज्या कार्यक्रमातून उत्पन्न येते असा एक तरी कार्यक्रम पुढच्या वर्षी आपल्या जबाबदारीवर घ्या.

माणसांच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवा. मार्गदर्शक तुमच्याशी बोलतो. पाठीराखा तुम्ही खोलीत नसताना तुमच्याविषयी बोलतो. आपल्यासारख्यांना मार्गदर्शक बरेच मिळतात आणि पाठीराखे फार थोडे. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय संग्रहपाल थेल्मा गोल्डन यांची वाटचालही अभ्यासण्यासारखी आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील स्टुडिओ म्युझियम ही कृष्णवर्णीय कलावंतांच्या कलेला वाहिलेली संस्था १९६८ साली स्थापन झाली. गोल्डन १९८५ साली, महाविद्यालयात शिकत असताना, तिथे इंटर्न म्हणून गेल्या. पदवीनंतर तिथेच संग्रह विभागात काम करून १९८८ मध्ये त्या व्हिटनी म्युझियम या न्यूयॉर्कमधील मोठ्या कलासंग्रहालयात रुजू झाल्या, तिथे त्यांच्याकडे मोठ्या प्रदर्शनांची जबाबदारी आली, २००० साली त्या स्टुडिओ म्युझियममध्ये उपसंचालक म्हणून परतल्या आणि २००५ साली संचालक झाल्या. या वाटेवर मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे त्यांच्या समाजाच्या कलेसाठी उभारलेली संस्था त्यांच्या पहिल्या पावलाला उपलब्ध होती. दुसरी म्हणजे मोठ्या संस्थेत गेल्यावर त्यांनी प्रदर्शन उभारण्याचे, म्हणजे मूळ गाभ्याचे काम केले.

तुमच्या टप्प्यावरील व्यक्तींसाठी काही देशांत खास कार्यक्रम आहेत. अमेरिकेतील स्फिंक्स ही अभिजात संगीतातील संस्था कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, प्रशासकांसाठी दोन वर्षांचा नेतृत्व कार्यक्रम चालवते. ब्रिटनमधील क्लोर लीडरशिप या सांस्कृतिक क्षेत्रातील नेतृत्वाचे प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या फेलोशिपमध्ये दुसऱ्या संस्थेत काही काळ प्रत्यक्ष काम करण्याची सोय ठेवली गेली. कोणत्याही फेलोशिपचे परिपत्रक वाचताना मी हीच बाब प्रथम शोधते, कारण भाषणे आणि कार्यशाळा यांपेक्षा दुसऱ्या संस्थेचे अंदाजपत्रक आतून पाहायला मिळणे कितीतरी मोलाचे असते.

राहिला प्रश्न समित्यांचा आणि स्वागतांचा. आपल्या समाजाच्या वतीने बोलण्याचे काम नोकरीच्या वर्णनात नसेल, तर त्याला लागणारे तास महिनाभर मोजा आणि वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी ते तास मांडून एक निवड पुढे ठेवा : हे काम माझ्या पदाचा भाग म्हणून, त्याच्या मोबदल्यासह आणि अधिकारासह लेखी नोंदवा, अन्यथा ते सर्वांमध्ये वाटा. ‘तुझ्या कामाला पर्याय नाही’ हे वाक्य पुन्हा कानी आले तर पर्याय तयार करण्याचा प्रस्ताव तुम्हीच द्या, म्हणजे एका कनिष्ठ सहकाऱ्याला वर्षभरात हे काम शिकवण्याची आखणी मांडा. इतके करूनही पुढच्या अंदाजपत्रकात तुमच्या ओळीत काही बदलले नाही, तर दुसरीकडे अर्ज करण्यात संकोच बाळगू नका. सोडून जाणे म्हणजे आपल्या समाजासाठी उघडलेले दार बंद करणे, असे ओझे आपण उगाच वाहतो. ते दार उघडे ठेवण्याची जबाबदारी संस्थेची आहे.

प्रश्न : मी कर्णबधिर आहे आणि सांकेतिक भाषा वापरतो. एका नाट्यसंस्थेत प्रकल्प समन्वयकाच्या पदासाठी अर्ज केला आहे. मला लागणाऱ्या सोयींविषयी केव्हा सांगावे? आधी सांगितले तर बोलावतील का, याची भीती वाटते.

तुमची भीती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. तरीही मुलाखतीची तारीख कळताच सांगावे, असे माझे मत आहे, कारण दुभाष्याशिवाय दिलेली मुलाखत ही तुमची मुलाखत होतच नाही.

सांगण्याची एक चांगली पद्धत या क्षेत्रात रूढ होत आहे. दौऱ्यावर जाणारे कलावंत ध्वनी आणि प्रकाशयोजनेच्या गरजांचे जे पत्रक, म्हणजे रायडर, कराराला जोडतात, त्याच धर्तीवर अपंग कलावंत आणि व्यवस्थापक आपल्या गरजांचा ‘ॲक्सेस रायडर’ तयार ठेवतात. एक पान पुरते. त्यात आजाराचा किंवा तपासण्यांचा इतिहास लिहायचा नसतो. काम नीट होण्यासाठी काय लागेल तेवढेच लिहायचे असते. उदाहरणार्थ : ‘बैठकीसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी लागेल आणि विषयपत्रिका दोन दिवस आधी मिळावी. दूरध्वनीऐवजी संदेश किंवा व्हिडिओ कॉल वापरावा. बोलणाऱ्याचा चेहरा उजेडात असावा आणि एका वेळी एकानेच बोलावे. आगीची सूचना देणारा दिवा कार्यालयात असावा.’ हे पत्रक एकदा लिहिले की प्रत्येक ठिकाणी पुन्हा पुन्हा समजावून सांगण्याचा थकवा वाचतो आणि समोरच्या संस्थेलाही नेमके काय करायचे ते कळते. अंधारलेल्या रंगमंचाशेजारी काम असेल तर दुभाषी कुठे उभा राहील आणि त्याच्यावर उजेड कसा पडेल, हेही त्यात घाला. प्रकाशयोजनाकाराला ते आधी कळलेले बरे.

खर्चाचा मुद्दा निघेलच. ब्रिटनमध्ये १९९४ सालापासून ‘ॲक्सेस टू वर्क’ ही सरकारी योजना दुभाष्यासारख्या सोयींचा खर्च उचलण्यास मदत करते. जिथे अशी योजना नाही तिथे हा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात, कलावंतांचे मानधन आणि प्रवास यांच्या शेजारी, स्वतंत्र ओळ म्हणून पहिल्यापासून दाखवावा. मागाहून शोधायला गेलेली रक्कम कुठल्याच अंदाजपत्रकात सापडत नाही.

आणि हे काम कर्णबधिर व्यक्तीला जमेल का, अशी शंका कोणी व्यक्त केली तर त्यांना जेनी सिली यांच्याविषयी सांगा. त्या स्वतः कर्णबधिर आहेत. अपंग कलावंतांना केंद्रस्थानी ठेवणारी ग्रेई ही ब्रिटिश नाट्यसंस्था १९८० साली सुरू झाली आणि १९९७ साली सिली तिच्या कलात्मक संचालक झाल्या. २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिक स्पर्धांच्या उद्घाटन सोहळ्याचे सहदिग्दर्शनही त्यांनी केले.

प्रश्न : माझे वय ४१ आहे. दहा वर्षे घरातील आजारपण सांभाळले. आता कलासंस्थेत काम करायची इच्छा आहे, पण सगळ्या संधी ‘तरुणांसाठी’ दिसतात.

वयाची अट असलेल्या योजना बाजूला ठेवा आणि ‘नवोदित’ किंवा ‘कारकिर्दीच्या पहिल्या टप्प्यावरील’ असा शब्द असलेल्या योजनांच्या आयोजकांना लिहून विचारा; पुष्कळदा तिथे वय अपेक्षित नसून या क्षेत्रातील अनुभवाची वर्षे अपेक्षित असतात. दहा वर्षे आजारपण सांभाळताना तुम्ही वेळापत्रके, विमा, कागदपत्रे आणि दुखावलेली माणसे सांभाळली आहेत. दौऱ्याच्या व्यवस्थापकाला नेमके हेच करावे लागते. अर्जात ही दहा वर्षे रिकामी सोडू नका, दोन ओळींत स्वच्छ लिहा.

प्रश्न : सात कर्मचाऱ्यांच्या एका संगीतसंस्थेचा मी व्यवस्थापक आहे. सर्व समाजघटकांतून लोक यावेत अशी आमची मनापासून इच्छा आहे, परंतु जाहिरात दिली की नेहमीसारखेच अर्ज येतात. वेगळे लोक अर्जच करत नाहीत, त्याला आम्ही काय करावे?

तुमच्या इच्छेवर माझा विश्वास आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. ‘अर्जच येत नाहीत’ हे वाक्य मी इतक्या संस्थांकडून ऐकले आहे की आता मी प्रथम त्यांची जाहिरातच पाहायला मागते. बहुतेक जाहिरातींत वेतन ‘पात्रतेनुसार’ असते. ज्याला वाटाघाटीची सवय नाही, मागचे वेतनच कमी आहे आणि विचारायला ओळखीचे कोणी नाही, तो तिथेच थांबतो. आकडा छापा. ‘पदव्युत्तर पदवी आवश्यक’ असे लिहिले असेल तर त्या पदात पदवीवाचून कोणते काम अडेल ते स्वतःला विचारा आणि न अडल्यास ती अट काढून टाका. ‘संगीतक्षेत्रात उत्तम संपर्क असावेत’ ही अट तर नव्या माणसाला सरळ परत पाठवते.

जाहिरात तुमच्या श्रोत्यांच्या यादीला पाठवली तर श्रोत्यांचीच मुले अर्ज करणार. ती सामाजिक संस्था, ग्रंथालये, लहान महाविद्यालये, अपंगांच्या संघटना यांच्याकडे पाठवा आणि अर्जाच्या मुदतीपूर्वी एक तास कोणालाही प्रश्न विचारता येतील अशी खुली भेट ठेवा. मुलाखतीचे प्रश्न उमेदवारांना दोन दिवस आधी द्या. हजरजबाबीपणा या पदाला लागत नसेल तर त्याची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. मुलाखतीला येण्याचा प्रवासखर्च द्या आणि तो त्याच दिवशी द्या.

शक्य असेल तर एका वेळी दोन नेमणुका करा. सात जणांत एकटी पडलेली व्यक्ती वर्षभरात दमते. सोबत कोणी असले की तीच व्यक्ती टिकते, हे मी वारंवार पाहिले आहे. दोन पदे परवडत नसतील तर शेजारच्या एखाद्या संस्थेशी बोलून दोघांनी एकाच महिन्यात एकेक नेमणूक करावी आणि त्या दोघांना नियमित भेटू द्यावे. त्या व्यक्तीच्या प्रशिक्षणासाठी पहिल्याच वर्षी थोडी का होईना रक्कम राखून ठेवा आणि ती संस्थेच्या स्वतःच्या निधीतून ठेवा. वर्षातून दोनदा तिला विश्वस्त मंडळाच्या बैठकीला निरीक्षक म्हणून बसवा, म्हणजे निर्णय कसे होतात ते तिला दिसेल आणि विश्वस्तांनाही ती दिसेल.

आणखी एक काम नेमणूकपत्र धाडण्यापूर्वी उरका. नव्या सहकाऱ्याच्या हाती पहिल्या आठवड्यात संस्थेच्या संपूर्ण अंदाजपत्रकाची प्रत द्यायची आहे. ती प्रत घेऊन त्यांच्याशेजारी बसून एकेक ओळ कोण समजावून सांगणार, त्या व्यक्तीचे नाव आजच ठरवा आणि त्या आठवड्यातील तिची एक दुपार राखून ठेवा.